चावीचा ग्रामोफोन: कुठला भाग मूळचा, कुठला मागाहून आलेला?

गेली बरीच वर्षं मी पुण्यात, पेठेतल्या घराच्या माडीवर, चावीचे ग्रामोफोन उघडून साफ करतो आणि पुन्हा वाजते करतो. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, म्हणून मला सर्वांत जास्त फोन येतात ते गुरुवारी आणि सोमवारी. बोलणाऱ्याला वस्तू मिळाल्याचा आनंद असतो आणि पोटात धाकधूकही असते. "काका, घेतलाय खरा, पण ओरिजिनल आहे ना?" याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. शंभर वर्षांच्या यंत्राचं वय एकच नसतं. मोटर एका काळातली, पेटी दुसऱ्या आणि कर्णा गेल्या दिवाळीतला असू शकतो. म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं भागाभागाने लिहून ठेवतो आहे.

फोनोग्राफ, ग्रामोफोन, फोनो हे सगळं एकच का?

घरात आपण सगळ्यालाच 'फोनो' म्हणत आलो आणि त्यात वावगं काही नाही. भाग ओळखायचे असतील तर मात्र फरक माहीत हवा. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ नळकांड्यावर वाजायचा. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं तो ग्रामोफोन, म्हणजे तबकडीवाला. आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यांवरून निघतात ती यंत्रं जवळजवळ सगळी तबकडीवालीच असतात. नळकांड्याच्या यंत्राबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

यंत्र समोर आलं की आधी काय पाहायचं?

कर्णा सोडून बाकी सगळं. कर्णा मोठा असतो, चकाकतो, डोळा तिथेच जातो आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. शिवाय तो नुसता खोचलेला असल्यामुळे बदलायला सर्वांत सोपा. मी पेटी आडवी करून बुडापासून सुरुवात करतो. आधी बुडाचं लाकूड आणि स्क्रू, मग मोटर, मोटरची फळी, टोनआर्म (साउंडबॉक्सपासून कर्ण्याकडे आवाज नेणारी फिरती नळी), साउंडबॉक्स (सुई आणि थरथरणारा पडदा असलेली गोल डबी) आणि सगळ्यात शेवटी कर्णा. दुकानदार पेटी आडवी करू देत नसेल तर मी ते यंत्र घेत नाही.

अष्टकोनी पेटी, चकचकीत पितळी कर्णा, पुढे कुत्र्याची पाटी. हा एचएमव्हीचा का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अशी यंत्रं गेली काही दशकं आपल्याच देशात नव्याने जुळवली जातात, परदेशातही जातात आणि 'अँटिक' म्हणून विकली जातात. एचएमव्हीच्या कर्णेवाल्या यंत्रांच्या पेट्या चौकोनी होत्या. सहा किंवा आठ बाजूंची पेटी आणि तिच्यावर एचएमव्हीची पाटी असा मेळ दिसला की माझ्या लेखी निम्मा निकाल तिथेच लागतो.

उरलेला निम्मा निकाल हाताने लागतो. पाटीवरून बोट फिरवा. नव्या पाटीवरचं कुत्र्याचं चित्र ढोबळ असतं, अक्षरांची जाडी एकसारखी नसते आणि पाटी दोन बारीक खिळ्यांनी किंवा डिंकाने बसवलेली असते. जुन्या पेट्यांवर हे चित्र बहुधा झाकणाच्या आत किंवा पुढच्या बाजूला पातळ ट्रान्सफरने (चिकटचित्राने) उमटवलेलं असे आणि त्यावर पॉलिशचा हात असे. नखाला त्याची कड लागत नाही, आणि शंभर वर्षांत पॉलिशबरोबर तेही बारीक तडकलेलं असतं. मागचा कर्णा पेलणारा हात पाहा. जुना हात ओतीव लोखंडाचा, जड, बाकदार आणि पेटीला घट्ट बसलेला असतो. नव्या यंत्रात तो पितळी पत्र्याचा किंवा नळीचा, हलका असतो आणि कर्णा धरून हलवला की सगळंच डुलतं.

मग पेटीत डोकवा. आत ताजं, पांढरट लाकूड आणि बाहेर गडद रंग असेल तर रंग नुकताच चढवलेला आहे. काळाने काळवंडलेलं लाकूड आतूनही काळवंडतं, फक्त जरा वेगळ्या छटेचं.

मी स्वतः घेतलेला पहिला ग्रामोफोन असाच होता. एका दुकानातून, पहिल्या बऱ्या पगारातून घेतला. दोन वर्षं तो मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होतो. एकदा चावी अडली म्हणून फळी उचलली, तर मोटरच्या पट्टीला चार मोकळी भोकं दिसली. ती मोटर आधी दुसऱ्याच कुठल्यातरी पेटीत राहून आली होती. त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण शिकायला सुरुवात झाली ती तिथूनच.

मग अशा यंत्रातलं काहीच जुनं नसतं का?

असतं, आणि म्हणूनच ते फेकू नका. मोटर बहुतेक वेळा खरी जुनी असते, एखाद्या मोडलेल्या पोर्टेबल, म्हणजे सुटकेससारख्या, यंत्रातून काढलेली. कधी फिरती थाळी, कधी साउंडबॉक्सही जुना निघतो. एक चांगला पोर्टेबल मोडून त्याची मोटर या पितळी शोभेत बसवलेली पाहिली की मला खरंच त्रास होतो. अशी मोटर हाती आली तर जपून ठेवा. मोटर गेलेला रिकामा पोर्टेबल कुठेतरी तिची वाट पाहत असतो.

विक्रेता म्हणतो १८९० चा आहे. शक्य आहे का?

एचएमव्हीचा असेल तर नाही. एचएमव्ही ही जिची छाप, ती लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ ची. फ्रान्सिस बॅरोचं ते कुत्र्याचं चित्र कंपनीने घेतलं १८९९ मध्ये. कंपनीचा माणूस फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात येऊन गायिका गौहर जानचा आवाज टिपून गेला तो नोव्हेंबर १९०२ मध्ये. इथे टिपलेलं गाणं तबकडी होऊन यायचं जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ मध्ये. आपल्याकडच्या घरांत ग्रामोफोन खऱ्या अर्थाने शिरला तो यानंतर.

पाटीवरचं कंपनीचं नावही साल सांगतं. १९०० च्या अखेरीस कंपनीने टाइपरायटरही विकायला घेतले आणि १९०७ पर्यंत तिचं नाव 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड' असं होतं. ते नाव खऱ्या, जुन्या पाटीवर दिसलं तर यंत्र त्या काही वर्षांतलं. 'ईएमआय' दिसलं तर १९३१ नंतरचं, कारण ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया तेव्हा एकत्र आल्या. पाटी आणि यंत्र एकाच काळातली आहेत का, ते मात्र बाकीच्या भागांनी सांगायचं.

मूळ कर्णा कसा ओळखायचा?

जुने कर्णे सगळे पितळी नव्हते, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. फुलासारखे पाकळ्यांचे पुष्कळसे कर्णे पोलादी पत्र्याचे आणि रंगवलेले असत. लाल, हिरवा, निळा, काळा, काहींच्या आतून सोनेरी रेघा. काही कर्णे निकेलचा मुलामा दिलेले, तर महागड्या यंत्रांचे लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेले होते. पितळी कर्णेही होते, पण त्यांचा पत्रा एकसारख्या जाडीचा आणि कडा नीट वळवलेली असे.

नव्या कर्ण्यात पाकळ्यांचे सांधे पाहा. झाळ ओघळलेली असते, कानशीचे ओरखडे दिसतात, पाकळ्यांची रुंदी कमीजास्त असते. मग मानेकडे या, जिथे कर्णा कोपरात, म्हणजे वाकलेल्या नळीत, बसतो. जुन्या जोडीत ही बैठक घट्ट असते आणि वर्षानुवर्षं कर्णा काढून-घालून तिथे गोल, गुळगुळीत झीज झालेली असते. नव्या जोडीत बसवताना कागद किंवा कापड गुंडाळावं लागतं. आवाज कुठून गळतो ते कळायला संगीताचा कान लागत नाही. तबकडी लावून सांध्याजवळ हात धरा, हाताला हवेची थरथर लागते.

जुन्या पोलादी कर्ण्याला पोचे असतात, रंग उडालेला असतो. ते राहू द्या. पुन्हा रंगवला की त्याच्या वयाचा पुरावा रंगाखाली जातो.

टोनआर्ममध्ये काय पाहायचं?

तो साउंडबॉक्सकडून कर्ण्याकडे हळूहळू रुंद होत जायला हवा. ही रचना साधारण १९०३ पासून रूढ झाली आणि तिला कारण आहे. आवाजाची वाट एकसारखी रुंदावत गेली तरच तो मोकळा होतो. नकली यंत्रात टोनआर्म म्हणजे सरळ, जाड नळी असते. दुसरं म्हणजे तो आत वळवला की सुईचं टोक थाळीच्या मधल्या दांड्याच्या आसपास यायला हवं. वीतभर अलीकडेच थांबत असेल, तर हा टोनआर्म या पेटीसाठी बनलेला नाही.

साउंडबॉक्सवरून काय कळतं?

खूप काही. माझ्या मते यंत्रातला सर्वांत बोलका भाग हाच. फोन करणारे मात्र त्याच्याबद्दल शेवटी विचारतात.

एचएमव्हीचे साउंडबॉक्स क्रमाने बदलत गेले. सुरुवातीच्या कर्णेवाल्या यंत्रांवर 'एक्झिबिशन' असे. विसाच्या दशकात २ नंबर आणि मग ४ नंबर आला. त्यांतला पडदा अभ्रकाचा. १९२५ मध्ये विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि तबकडीत खर्ज आणि टीप दोन्ही जास्त उतरू लागले. ते पेलण्यासाठी दशकाच्या अखेरीस ५ नंबरचं घराणं आलं, अॅल्युमिनियमच्या पन्हाळीदार पडद्याचं. नंबर साउंडबॉक्सच्या तोंडावर उठावात असतो. १९१० च्या कर्णेवाल्या यंत्रावर ५-बी दिसला, तर तो मागाहून आला एवढं नक्की. असं पुष्कळ घरांत झालं आहे. घरच्यांनी तिसाच्या दशकात नव्या तबकड्या नीट वाजाव्यात म्हणून हौसेने साउंडबॉक्स बदलला. अशा बदलाला मी नकली म्हणत नाही, तो त्या घराच्या ऐकण्याचा इतिहास आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तिसाच्या दशकातल्या ओडियन तबकड्या अभ्रकाच्या पडद्यावर आणि मग अॅल्युमिनियमच्या पडद्यावर लावून पाहा. त्या घरच्यांना काय वाटलं असेल ते कळतं.

अभ्रक खरं की प्लास्टिक, ते भिंगाने पाहा. खऱ्या अभ्रकाला पदर असतात. कडेला कुठेतरी पापुद्रा सुटलेला असतो आणि उजेडात तिथे मोत्यासारखी झाक मारते. प्लास्टिक एकसंध दिसतं आणि जुनं असेल तर पिवळं पडतं. काडी पेटवून तपासायला जाऊ नका. जुनं सेल्युलॉइड असेल तर ते भसकन पेटतं.

पाठीमागे पाहा. विसाच्या दशकापासून बऱ्याच साउंडबॉक्सची पाठ जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची केलेली असे. हा धातू काळाने आतून फुगतो, त्याला जाळीदार तडे जातात आणि तो टोनआर्मवर असा अडकतो की ओढताना तुकडे होतात. हा दोष मूळ भागाचा आहे. फुगलेली, तडकलेली पाठ म्हणजे बहुधा अस्सल पाठ. तिच्या जागी नवी पितळी पाठ बसवून घेतली तर आवाज सुधारतो, पण जुनी टाकू नका.

पडद्याच्या दोन बाजूंच्या रबरी कड्या मात्र मूळच्या असून उपयोग नाही. त्या दगडासारख्या कडक होतात आणि आवाज चिरका होतो. त्या बदलाच. पूर्वी मी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी वापरत असे, पुण्यात ती कुठेही मिळायची. पण ती पडद्याला जास्त आवळते. मऊ, पातळ नळी मिळाली तर तीच घ्या.

मोटर कुणाची आहे ते कसं कळतं? मी ती स्वतः उघडू का?

पाहण्यासाठी उघडा, खोलण्यासाठी नको. आधी चावी पूर्ण उतरू द्या. ब्रेक सोडून थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. मगच फळीचे स्क्रू काढा. स्प्रिंगचं गोल डबडं काहीही झालं तरी उघडू नका. त्यात कित्येक हात लांबीची पोलादी पट्टी आवळून बसलेली असते आणि चावी उतरली तरी तिच्यात जोर उरतो. ती सुटली तर बोटं कापते. ते काम जाड हातमोजे घालून, माहीतगार माणसाने करायचं.

फळी उचलल्यावर मोटरच्या पट्टीवर ठसा शोधा. एचएमव्हीच्या स्वतःच्या मोटरी असत. इंग्लंडच्या गॅरार्ड आणि कोलारो, स्वित्झर्लंडच्या थोरेन्स आणि पायार यांच्या मोटरी कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या यंत्रांत बसवल्या जात. म्हणून स्विस मोटर दिसली की लगेच 'बदललेली' म्हणू नका. मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी बाहेरून मोटर आणून इथल्या पेटीत बसवलेली यंत्रं त्या काळातही होती. ती त्यांच्या परीने पूर्ण अस्सल आहेत.

मोटर या पेटीतलीच का, हे ठसा सांगत नाही, फळी सांगते. एकाच जागी दोनदा पाडलेली भोकं, बुजवलेली भोकं, मोटरला जागा करायला पटाशीने नुकतंच कोरलेलं लाकूड दिसलं तर मोटर नंतर आली. उलट, पेटीच्या तळाला मोटरच्या दातांच्या बरोबर खाली तेलाचा जुना, काळा डाग असेल तर निर्धास्त व्हा. वर्षानुवर्षं एकाच जागी थेंब थेंब पडून होणारा डाग कुणी मुद्दाम बनवत नाही.

गव्हर्नर पाहा. तीन पात्यांवर तीन वजनं, मधे दांडा आणि बाजूला फिरणारी चकती. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, चकती सरकते, चामड्याच्या किंवा बनातीच्या गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. तिन्ही वजनं आणि पाती एकसारखी हवीत. एखादं वजन वेगळ्या रंगाचं किंवा पातं जाड असेल तर तिथे दुरुस्ती झाली आहे. ही दुरुस्ती फार घरांत झालेली असते, कारण पाती तुटतातच. त्याने यंत्राची किंमत माझ्या नजरेत कमी होत नाही.

वेग तपासायला थाळीवर कागदाची चिठ्ठी ठेवा आणि अर्ध्या मिनिटात ३९ फेऱ्या होतात का मोजा, म्हणजे मिनिटाला ७८. सावकाश करायचं असेल तर ७७ रेघांची चकती कागदावर काढून ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बरोबर वेगाला रेघा जागीच थांबल्यासारख्या दिसतात. वाजताना मधेच धप्प असा धक्का बसत असेल, तर स्प्रिंगच्या डबड्यातलं ग्रॅफाइटचं जुनं ग्रीस वाळून वेढे एकमेकांना चिकटले आहेत. साफसफाईने हे जातं, मोटर बदलायची गरज नसते.

स्क्रूवरून खरंच काही कळतं का?

कळतं, आणि पैसेही लागत नाहीत. अधिकच्या खुणेसारखी खाच असलेले फिलिप्स स्क्रू तिसाच्या दशकाच्या मध्यानंतर रुळले. १९१२ च्या म्हणून दाखवलेल्या यंत्रात ते दिसले तर निदान तेवढे भाग नंतर कुणीतरी लावले आहेत. जुन्या स्क्रूच्या एकेरी खाचेत साचलेला काळा मळ आणि भोवतीचं गडद कडं दोन्ही एकाच वयाचे दिसायला हवेत.

मुलाम्याचंही तसंच. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार असते, तर क्रोमची निळसर आणि आरशासारखी. क्रोमचा मुलामा विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. त्याआधीच्या यंत्रावर क्रोम दिसलं तर तो भाग नवा तरी आहे किंवा त्याला नव्याने मुलामा दिला आहे.

पेटी मूळची आहे का?

सांधे पाहा. जुना सुतार सरस वापरायचा. तो तपकिरी, ठिसूळ असतो, ओल्या बोटाने चिकट होतो आणि त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. सांध्यातून पांढरा डिंक डोकावत असेल तर ती अलीकडची दुरुस्ती. वरचं जुनं पॉलिश लाखेचं असतं. बुडाच्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावला तर ते विरघळून बोळ्याला लागतं. हे कोपऱ्यातच करा. तबकड्याही लाखेच्याच असतात, म्हणून तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका. ती कायमची खराब होते.

आमच्या आजोबांचा आहे, घराबाहेर कधी गेलाच नाही. मग सगळं मूळचंच असेल ना?

बहुधा नसेल. रोज वाजलेलं यंत्र दुरुस्त होतंच. एकदा एक कुटुंब आजोबांचा ग्रामोफोन घेऊन आलं. मोटर, पेटी, टोनआर्म सगळं एकाच काळातलं आणि सुंदर होतं, पण साउंडबॉक्स अगदी नवा. विचारल्यावर आठवलं, जुना 'तडकलेला' म्हणून रद्दी आणि भंगारासोबत गेला होता. चार महिन्यांपूर्वीच. घरच्या यंत्राचे भाग असे घरातूनच निघून जातात. दुरुस्तीला देताना काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

पोर्टेबल, म्हणजे सुटकेससारखा फोनो, त्यात नकली कमी असतात का?

हो, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हाच सुचवतो. एचएमव्हीचा १०१ हा १९२५ पासून निघाला. सुरुवातीच्या १०१ ची चावी पुढच्या बाजूला होती, नंतर ती उजवीकडे गेली, त्यामुळे दोन्ही खरे. त्यावर ४ नंबरचा साउंडबॉक्स अपेक्षित आहे. १९३१ ला १०२ आला आणि कित्येक वर्षं बनत राहिला. त्यावर १६ नंबर, ५-ए, ५-बी हे तिन्ही मूळचे असू शकतात. कापडाचा रंग, कोपऱ्यांचे पत्रे, पिनांची (सुयांची) डबी आणि झाकणातली तबकड्या ठेवायची जागा नीट पाहा. कापड नव्याने चढवलेलं असेल तर बिजागरीच्या आत जुन्याची कड सापडते.

चावी, म्हणजे हँडल, बसत नाही. दुसरं घेऊ का?

आधी आटे पाहा. काही हँडल आत फिरवून बसतात, काही नुसती खाचेत अडकतात. जबरदस्तीने फिरवलेल्या हँडलने मोटरमधले आटे गेले तर मोठं काम निघतं. जुना नमुना दाखवून पेठेतल्या लेथवाल्याकडून नवं करून घेतलं तरी चालतं. लाकडी मूठ जुनी असेल तर तीच नव्यावर बसवा.

स्प्रिंग तुटली. बदलली तर मूळपणा जाईल का?

नाही. स्प्रिंग, रबर, गादी, ग्रीस हे झिजणारे भाग आहेत, सायकलच्या टायरसारखे. जुन्या पट्टीची रुंदी आणि जाडी कॅलिपरने मोजा, लांबी मोजा, टोकाच्या भोकाचा आकार कागदावर गिरवून ठेवा आणि तशीच घ्या. एक दहा इंची तबकडी, म्हणजे साधारण तीन मिनिटं, एका चावीत वेग न पडता वाजली पाहिजे.

चिंच-मीठ लावून पितळ चकाकवलं तर?

कृपा करून नको. ती देवघरातली समई नाही. जुन्या भागावर पातळ लाखेचा थर असतो, तो जातो आणि अक्षरं झिजतात. कोरडं मऊ कापड पुरे. पावसाळ्यात झाकण बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नका. पुण्याच्या आषाढ-श्रावणात बनातीला बुरशी लागते आणि स्प्रिंगला गंज चढतो.

एखादा भाग मिळतच नाही. नवा बनवून घेतला तर ती फसवणूक का?

बनवून घेणं ही फसवणूक नाही, सांगितलं नाही तर आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हाताने पत्रा ठोकणारे कारागीर आहेत. आपल्या शहरात ही कला असताना बाहेरचा ढोबळ कर्णा कशाला घ्यायचा? असा भाग करून घेतला की आतल्या बाजूला, न दिसेल असा, साल कोरून घ्या. पुढचा माणूस फसणार नाही आणि कारागिराच्या कामाची नोंदही राहील.

एलपी लावून पाहू का? आणि पिन किती वेळा वापरायची?

एलपी अजिबात लावू नका, एका फेरीत तिचे चर कापले जातात. पोलादी पिन तबकडीच्या एका बाजूला एक, मग टाकून द्यायची. झिजलेल्या पिनेने खराब झालेल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की या एका गोष्टीत मी कुणालाही सूट देत नाही.

नळकांड्याच्या एडिसनचं काय?

दुर्मीळ, पण हाती आलं तर घाई करू नका. मेणाची नळकांडी दोन मिनिटांची आणि १९०८ पासून चार मिनिटांचीही होती. दोन्हींच्या चरांची दाटी वेगळी, म्हणून ध्वनिपेटीही वेगळी. सी मॉडेल दोन मिनिटांसाठी, एच चार मिनिटांसाठी. चुकीची लावली तर मेण खरवडलं जातं. अक्षर ध्वनिपेटीवर असतं. ते वाचल्याशिवाय वाजवू नका.

माझ्या यंत्राची किंमत किती?

हे मी फोनवर सांगत नाही आणि फोटोवरूनही नाही. कुठले भाग एकत्र वाढले आहेत ते पाहिल्याशिवाय आकडा बोलणं मला योग्य वाटत नाही.

काढलेले जुने भाग ठेवायचे कसे?

बरणीत किंवा पत्र्याच्या डब्यात, तेलाचा हलका हात देऊन, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर तारीख, काय काढलं, काय लावलं, कुणी लावलं ते लिहा. पेन्सिलीने लिहा, ओल लागली की शाई पसरते. चिठ्ठी हरवेल असं वाटत असेल तर मोटरच्या फळीच्या खालच्या बाजूलाच लिहा. मागे एका पेटीची फळी उलटी केली, तर पेन्सिलीने बारीक मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याकडे नेल्या. नवी स्प्रिंग घातली, जुनी मालकास परत दिली, एवढंच लिहिलं होतं. मी त्याच्याखाली माझी ओळ लिहिली आणि फळी परत बसवली.